विश्पलेचा दुसरा पाय

दरवर्षी डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेत कागदी ध्वजांचा एक गठ्ठा आणि एक सीलबंद डबा येतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. सहावी-सातवीची मुले टाचण्या आणि डबा घेऊन बाजारात हिंडतात आणि कापूस विकायला आलेले शेतकरी, दुकानदार, बसस्टँडवरचे प्रवासी यांच्या छातीवर ध्वज टाचतात. संध्याकाळी मी पैसे मोजतो, पावती फाडतो आणि रक्कम वर पाठवून देतो. मुलांपैकी कुणीतरी विचारतेच, "सर, हे पैसे कुठे जातात?" माझे उत्तर ठरलेले असते, "जखमी जवानांसाठी आणि शहीद जवानांच्या घरच्यांसाठी." मुलांचे समाधान होते. माझेही होत असे. अलीकडे ते होत नाही. का होत नाही, ते सांगावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा सैन्यात गेला. पैनगंगेच्या काठचे गाव, दोन एकर कोरडवाहू, बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार. मुलगा धावण्यात पहिला, गणितात कसाबसा पास. सात-आठ वर्षांपूर्वी नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना त्याचा डावा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. कित्येक महिने लष्करी इस्पितळांत काढून, शेवटी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून तो गावी आला. आल्यावर लगेचच्या १५ ऑगस्टला आम्ही त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. फाटकापासून ध्वजस्तंभापर्यंत तो चालत आला तेव्हा मुलांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की कडुनिंबावरचे बगळे उडाले. माझ्या भाषणात मी त्याच्या पायाचा उल्लेख तीन वेळा केला, हे मला आज चांगले आठवते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावले. तिसऱ्या वर्षी बोलावायला गेलो तेव्हा तो किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. पँटीचा डावा पाय दुमडून टाचलेला, शेजारी काठी.

"पाय आता बसत नाही जी सर," तो म्हणाला.

उरलेला पाय वाळला होता. कृत्रिम पायाच्या वरच्या टोकाला जो पेल्यासारखा भाग असतो, सॉकेट म्हणतात त्याला, तो सैल पडला होता. आधी त्याने एकावर एक दोन मोजे घातले. मग बापाच्या जुन्या धोतराचे फडके गुंडाळून आत कोंबले. चालताना ते फडके एका बाजूला सरके आणि हाडाच्या टोकाला घासे. पुण्याहून तारीख दिली होती, ती सोयाबीनच्या काढणीत गेली. पुढे आई आजारी पडली, मग ते राहूनच गेले.

मी हळहळलो. आणि उठताना म्हणालो, "बरं, पंधरा ऑगस्टला ये मात्र."

तो आला, पाय घालून आला. आदल्या रात्री पाऊस होऊन मैदानात आमच्या काळ्या मातीचा नुसता राडा झाला होता. पाहुणे सव्वा तास उशिरा आले. सगळे उभे होते म्हणून तोही उभा राहिला. कार्यक्रम आटोपल्यावर माझ्या खोलीत खुर्चीवर बसून त्याने पाय काढला, तेव्हा आतला पांढरा मोजा लाल झालेला होता. "फडकं सरकलं असंल," तो म्हणाला. जणू चूक त्याचीच होती.

त्याचा पाय सुरुंगाने नेला, तिथे माझा काही संबंध नव्हता. पण त्या दिवशीची जखम माझी होती. देशभक्तीच्या कार्यक्रमात, देशभक्तीच्या नावाने, मी ती केली होती.

ऋग्वेदात विश्पलेची गोष्ट आहे. खेल राजाच्या लढाईत तिचा पाय तुटला. अश्विनीकुमारांनी तत्काळ तिला लोखंडी पाय बसवला आणि ती पुन्हा धावू लागली. विश्पला ही योद्धी नसून शर्यतीची घोडी असावी असेही काही पंडित म्हणतात. त्या वादात मला पडायचे नाही. कृत्रिम पायाचा जगातला हा फार जुना उल्लेख आहे, आणि वैद्यकशास्त्राच्या इतिहासावर बोलणारे आपल्याकडचे वक्ते तो अभिमानाने सांगतात. मीही वर्गात सांगत आलो. पण फडक्याचा तो प्रसंग घडल्यापासून मला एकच प्रश्न पडतो. विश्पलेचा पाय पाच वर्षांनी सैल झाला तेव्हा काय झाले? लोखंड मांडीला घासून जखम झाली असेल, पावसात गंजले असेल. अश्विनीकुमार पुन्हा आले का? सूक्त त्याविषयी काही सांगत नाही. सूक्त स्तुतीसाठी रचलेले असते, आणि स्तुती पहिल्या पायाची होते. दुसऱ्या पायाचे सूक्त कुणी रचत नाही.

आपल्या परंपरेला जखमी सैनिकाची आठवण नव्हती असे नाही. कौटिल्याने सैन्याच्या मागे शस्त्रे, औषधे, तेल आणि पट्ट्या घेतलेले वैद्य असावेत असे सांगून ठेवले आहे. कामावर मेलेल्याच्या बायकामुलांना पोसण्याचे बंधनही राजावर घातले आहे. प्रतापगडच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत, जखम पाहून, रक्कम दिली असे सभासद लिहितो. 'जखम पाहून' या बारकाव्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले. सरसकट वाटप झाले नाही. प्रत्येकाची जखम कुणीतरी पाहिली. सतराव्या शतकातल्या राज्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तलवारीची जखम एक तर भरते किंवा माणूस जातो. ती एकदा पाहिली की पाहून होते.

स्फोटाची जखम तशी नसते. हे मला माहीत नव्हते. एका लष्करी डॉक्टरांशी प्रवासात ओळख झाली, त्यांनी समजावून सांगितले. पुढे मी वाचले. जमिनीत पुरलेला सुरुंग फुटतो तेव्हा तो पाय नुसता तोडत नाही. माती, बुटाचे तुकडे, पायमोज्याचे धागे, हाडाच्या चिपा हे सगळे तो मांसाच्या थरांमधून वर ढकलतो. वरून धड दिसणारी पोटरी आतून मातीने भरलेली असते. म्हणून शल्यविशारद अशी जखम पहिल्या दिवशी शिवत नाहीत. मेलेले मांस काढतात, धुतात आणि जखम मुद्दाम उघडी ठेवतात. काही दिवसांनी पुन्हा पाहतात, पुन्हा काढतात, आणि मगच बंद करतात. घाईने शिवलेली जखम आतून कुजते.

पायाखेरीजही बरेच काही असते. स्फोटातून हवेचा जो धक्का निघतो तो कानाचे पडदे फाडतो, फुप्फुसाला आणि आतड्याला इजा करतो. उडालेले तुकडे अंगात शिरतात. त्यांतले काही काढण्यापेक्षा राहू देणे बरे म्हणून ठेवतात, आणि ते वर्षानुवर्षे सलत राहतात. माणूस फेकला जाऊन डोके आपटते. पहिल्या महायुद्धात १९१५ साली 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लिखाणात आला तेव्हा हा मेंदूचा आजार की मनाचा, यावर डॉक्टरांत वाद झाला; तो पुरता मिटला असे आजही म्हणवत नाही. कापलेल्या पायाच्या टोकाशी कधी कधी मांसात नवीनच हाड वाढू लागते. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांत हे इतक्या जणांत दिसले की त्यावर तिकडे स्वतंत्र अभ्यास झाले. असे हाड वाढले की कालपर्यंत नीट बसणारा पेला आज बसत नाही. यात त्या माणसाचा हलगर्जीपणा काही नसतो.

दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांचा तीसेक वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे पाय गुडघ्यावर किंवा त्याच्याही वर कापले गेले होते त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण इतर जखमींपेक्षा अधिक आढळले. सुरुंग फुटला १९४४ ला आणि हृदय थांबले १९७० ला. या दोहोंचा संबंध कुणाच्या लक्षात आला असता? कुणीतरी तीस वर्षे एकेका माणसाचे नाव वहीत ठेवले म्हणून तो कळला.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत या विषयावर एकदा वाद झाला. गणिताचे सर स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "हेडमास्तर, त्याला पेन्शन आहे. पायाचे पैसे त्याला पडत नाहीत. तो आपणहून गेला, पगार घेतला. आपल्या गावात जिनिंगमध्ये हात गेलेला माणूस आहे, त्याच्या गळ्यात कुणी हार घातला? वीज पडून मेलेल्या सालदाराला काय मिळालं? सैनिकाचाच एवढा कैवार कशाला?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी बरेच दिवस त्यावर विचार केला.

पेन्शनचे आधी. पेन्शन मजुरीच्या जागी असते. पाय असता तर तो जे कमावता, त्यातले काही सरकार देते. पण पायाच्या जागी काय? तिथे पैसा नव्हे, माणूस आणि वेळ लागतो: माप घेणारा, पेला घासून नीट करणारा, जखम धुणारा, चालणे पाहून 'उजव्या बाजूला झुकतोस' म्हणणारा. दरवर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून बोटाचा ठसा देऊन तो यंत्रावरही देता येतो. म्हणजे वर्षातून एकदा सरकार त्याला विचारते, जिवंत आहेस का? पाय कसा आहे, असा रकाना त्या दाखल्यात नाही.

शिवाय टक्केवारी. टक्के देणे हा आम्हा मास्तरांचा धंदा असल्याने त्यातली गंमत आणि क्रूरता दोन्ही मला ठाऊक आहेत. अपंगत्वाचेही टक्के असतात. पन्नासच्या खाली असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यावर शंभर धरावे, हा लाभ नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही मिळावा यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राम अवतार खटल्यात २०१४ साली निकाल सैनिकांच्या बाजूने लागला. त्याआधी २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेल्या माणसाला सेवेत आजार जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. न्यायालयाचे हे म्हणणे मला कायद्याच्या पलीकडचे वाटते. पुरावा कुणी द्यायचा, हा नीतीतला मूळ प्रश्न आहे. आपल्याकडे जखमी माणूस दर वेळी आपली जखम नव्याने सिद्ध करत उभा असतो. माझा विद्यार्थी पुण्याला जायला का टाळत होता? तो एकदा म्हणाला, "तिथं कोणी वाईट बोलत नाही सर. पण दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागते. कुठं होतो, कसा पडला, कितव्या दिवशी कापला. सांगितलं की चार रात्री झोप येत नाही."

आता जिनिंगमधला हात. त्या हाताचेही ऋण आहेच. फक्त ऋणको वेगळा आहे. तो मालक आहे, त्याला गाठता येते, गाठले पाहिजे, आणि गणिताच्या सरांनी त्यासाठी अर्ज लिहिला तर मी सही करीन. सैनिकाला सुरुंगावर पाठवणारा मालक कोण? हुकूम अधिकाऱ्याने दिला, पण तो तुमच्या-माझ्या नावाने दिला. ध्वजदिनाला पैसे देणारा शेतकरी स्वतःला दाता समजतो. वास्तविक तो देणेकरी आहे. दान देताना किती द्यायचे, केव्हा थांबायचे, हे देणारा ठरवतो. ऋणात ते घेणेकऱ्याच्या हाती असते. आणि इथे घेणेकरी म्हणजे एक शरीर आहे. ते दर तीन-चार वर्षांनी नवा हप्ता मागते.

रुग्णालयाच्या रांगेत मात्र मी गणवेशाला पुढचा नंबर देणार नाही. तिथे ज्याची जखम मोठी तो आधी. बस्तरच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या आदिवासी बाईचा पाय पेरलेल्या स्फोटकावर पडतो तेव्हा ती कुणाच्या बाजूची, हे विचारण्यात अर्थ नसतो. सुरुंग तरी कुठे विचारतो? २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये आपल्याच सैन्याने सीमेवर सुरुंग पेरले आणि मग काढले. त्या पेरण्या-काढण्यात आपले कितीतरी जवान मेले, जायबंदी झाले. पावसाने, बर्फाने सुरुंग जागा बदलतात आणि नकाशा खोटा पडतो. १९९७ साली ओटावा येथे माणसांवरच्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला, १९९९ पासून तो अमलात आहे. सुरुंगग्रस्तांच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी त्यात प्रथमच एका शस्त्रबंदीच्या करारात लिहिली गेली. भारत त्यात सामील नाही. आपली सीमा लांब, शेजार अवघड. तो निर्णय बरोबर की चूक, हे ठरवायला मी समर्थ नाही. पण सुरुंग ठेवायचे असतील तर त्यावर पडणाऱ्या पायांचा हिशेबही ठेवावा लागेल, एवढे कळायला एम.ए. व्हावे लागत नाही.

हिशेब ठेवणारे आहेत, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून लुळेपांगळे होऊन परतलेल्या शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी शाळा निघाली, ती पुढे खडकीला गेली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. मणका मोडलेल्या जवानांसाठी खडकीलाच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. सीआरपीएफने २०२० साली आमच्या तेलंगणात, हैदराबादेत, आपल्या दिव्यांग जवानांसाठी केंद्र काढले. म्हणजे दारे आहेत. आदिलाबादच्या माणसाला ती लांब आहेत, ही एक गोष्ट. महामार्गावर उत्तरेला नागपूर दोनशे किलोमीटर, दक्षिणेला हैदराबाद तीनशे, आणि पुणे तर गाड्या बदलत, रात्र जागून. रात्रीच्या प्रवासात पाय काढून ठेवावा लागतो, आणि तो कुणी उचलून नेईल म्हणून झोप लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की दार ठोठवायचे काम जखमी माणसाचे, अशीच आपली समजूत आहे. आमच्या भागातला सावकार हप्त्याची तारीख विसरत नाही, तो दारात येऊन उभा राहतो. इथे घेणेकरी पायरीवर गप्प बसलेला, आणि देणेकरी म्हणतो, अर्ज करा.

होकाटो सेमा हे नाव २०२४ साली वर्तमानपत्रांत आले. नागालँडचा जवान. २००२ साली जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाने त्याचा डावा पाय गेला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत त्याने कांस्यपदक मिळवले, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. टाळ्या आपण २०२४ ला वाजवल्या. मला त्यातले २०१६ हे साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला गोळा हातात घे म्हणून सांगितले. सुरुंगानंतर चौदा वर्षांनी! चौदा वर्षांनीही त्याच्याकडे कुणीतरी नीट पाहत होते. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, आणि पद्मश्री २०१८ ला मिळाली. शेहेचाळीस वर्षे. त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा आमच्या शाळेतली मुले मला विचारत होती, हे खरेच होते का?

लाल मोज्याचा तो दिवस झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. फार मोठे काही केले नाही. पिशवी धरली, रांगेत उभा राहिलो, कागद वाचून दाखवले. कागदांची आमच्याकडे निराळीच अडचण. त्याचे शिक्षण मराठीत, सैन्यातली भाषा हिंदी, इस्पितळाचे कागद इंग्रजीत, मंडल कार्यालयाचे तेलुगूत. दुखणे मात्र मराठीत होते. दुखतंय का, या प्रश्नाला तो इतकी वर्षे सगळीकडे 'हां, दर्द है' एवढेच उत्तर देत आला होता. आदिलाबादच्या एका तेलुगू डॉक्टरांनी 'नोप्पी' की 'मंटा' असे विचारले होते, तेव्हा याने 'तिम्मिरी' म्हणून सांगितले, कारण मुंग्यांना तोच शब्द त्याला ठाऊक होता. पण त्या नुसत्या मुंग्या नव्हत्या. पुण्यात पाय बनवणारा वयस्क कारागीर खाली बसला, उरलेला पाय दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "कुठं सलतंय रे, भाऊ?"

तो बोलायला लागला. इथे टोचतं. इथे रात्री ठणकतं. इथे चरचरतं, मिरची लागल्यागत. आणि जिथे पाय नाहीच, तिथे अंगठ्याच्या नखाखाली कुणी सुई घालतंय असं वाटतं, पावसाळ्यात जास्त. इतक्या वर्षांत हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. नसलेला अंगठा दुखतो म्हटले तर लोक वेडा म्हणतील, ही भीती. कारागीर हसला नाही. म्हणाला, "दुखतो. सगळ्यांचा दुखतो. डॉक्टरसाहेबांना सांग, त्यावर औषध असतं." सोळाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारद पारेने हे दुखणे लिहून ठेवले आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मिचेल या डॉक्टरने त्याला नाव दिले, आपल्या रामचंद्रन यांनी आरशाची पेटी वापरून त्यावर उपाय शोधला. जगाला साडेचारशे वर्षे ठाऊक असलेली गोष्ट पैनगंगेकाठच्या एका मुलापर्यंत पोचली नव्हती. मी शेजारी उभा होतो आणि तो माझा विद्यार्थी होता. दहा वर्षे शाळेत मराठी शिकवून शेवटी त्याला 'दर्द है' यापुढे काही बोलता येऊ नये, याचा मला विचार करावा लागला. शब्द त्याच्याकडे होते. विचारणारा नव्हता.

नवा पेला बसला. येताना मनमाडला चहा पीत असताना त्याने मला विचारले, "सर, एक विचारू? तुम्ही पंधरा ऑगस्टला मला कशाला बोलावता?" मी म्हणालो, मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून. तो थोडा वेळ गप्प राहिला. "प्रेरणा बूट घातल्यावरच मिळते का?"

उत्तर मला सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

तेव्हापासून शाळेच्या कार्यालयातल्या कालनिर्णयावर त्याची तारीख लिहिलेली असते. परीक्षेची तारीख, पगारबिलाची तारीख आणि त्याची तारीख. पलीकडच्या गावचा, निमलष्करी दलातून जखमी होऊन आलेला आणखी एक जण आहे, त्याचीही तारीख आहे. त्याचे कागद निराळे, जायची ठिकाणे निराळी. आमचे शिपाई ती पाने आधी पाहतात. गणिताचे सरही पाहतात. त्यांनीच गेल्या वर्षी तिकिटे काढून आणली आणि पैसे घेतले नाहीत, तेव्हा वाद कोण जिंकले हे मला सांगता येत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात जखम पुन्हा उकलली. काळ्या मातीतून चालायचे म्हणजे दर पावलाला पाय ओढून काढायचा. धड माणसाची चप्पल जिथे रुतून राहते, तिथे त्याचे काय! डॉक्टरांनी महिनाभर पाय घालू नको म्हणून सांगितले. १५ ऑगस्टला मी निरोप धाडला नाही. तो आपणहून आला, काठीवर, पँट दुमडून, आणि पालकांच्या ओळीत बाकावर बसला. राष्ट्रगीताला काठी धरून उभा राहिला आणि संपताच बसला. हार नाही, फेटा नाही. सहावीतली एक पोरगी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. शेवटी धीर करून जवळ गेली.

"मामा, तुमचा पाय कुठे गेला?"

"सुट्टीवर गेलाय," तो म्हणाला. "कापसाची दुसरी वेचणी झाली की आणायला जायचंय."